मामाला कोण सांगतं?

वडिलांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले. घरात करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. मुंबईच्या स्टुडिओकडून एक परदेशी गुन्हेमालिका आली होती आणि तिचे पहिले भाग द्यायची तारीख केव्हाच उलटून गेली होती.

परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. म्हटलं तर भाषांतर, पण निम्मं काम ओठांचं. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथे मिटतात तिथे माझ्या वाक्यातही प, ब किंवा म यावा लागतो. नाही आला तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं चाललंय असं वाटत राहतं. पात्राने पाठ फिरवली की मला सुटल्यासारखं होतं. तोंड दिसत नसलं की त्याच्याकडून हवं ते वदवून घेता येतं.

ही मालिका एका बंदरातल्या म्हाताऱ्याची होती. चोरीचा माल इकडून तिकडे करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. पकडला जातो तेव्हा तुरुंगाऐवजी केंद्रीय तपास अधिकाऱ्यांचा खबऱ्या व्हायला तयार होतो. त्याच्यावर एक अधिकारी बाई नेमलेली असते. तो एकेक नाव देतो, एकेक माणूस पकडला जातो, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी त्या बाईला तीच शंका येते की याने आज जे सांगितलं ते काय लपवण्यासाठी सांगितलं?

असं काम आलं की आधी वडील माझ्यासमोर बसायचे. ते हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मी लिहिलेली वाक्यं ते मोठ्याने वाचायचे, म्हणजे ती तोंडात कशी बसतात ते मला कळायचं. खुनाची धमकीसुद्धा ते वर्गात शुद्धलेखन घालावं तशी वाचायचे. स्वल्पविरामाला थांबायचे. मी हसले की चष्म्यावरून बघायचे आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

आता ती खुर्ची रिकामी होती. मी हेडफोन लावले आणि म्हाताऱ्याचं पहिलं वाक्य लिहिलं.

त्याच दिवशी मामा आईला न्यायला आला.

आमच्याकडे रीत आहे. नवरा गेलेल्या बाईने तेराव्यानंतर आपणहून कोणाच्या घरी जायचं नसतं, माहेरीसुद्धा नाही. भावाने यायचं, साडी द्यायची आणि तिला चार दिवस आपल्या घरी न्यायचं. मग तिचं बाहेर जाणं-येणं सुरू होतं. या रिवाजाला वेगळं नाव नाही. ‘भाऊ न्यायला आला’ एवढंच म्हणतात. मामा आईपेक्षा धाकटा, खालापूरकडच्या डोंगरालगतच्या गावात शेती करतो. गावातलीच एक रिक्षा घेऊन तो आला होता. एका हातात साडीची पिशवी, दुसऱ्या हातात वालाच्या शेंगा.

“चल ताय,” दारातूनच म्हणाला. “तुझी भावजय वाट बघते.”

आईने त्याला पाणी दिलं. साडी घेतली, कपाळाला लावली, कपाटात ठेवली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, “नको रं. हिला एकटीला टाकून कशी येऊ?”

“अगं, ती काय लहान हाय?”

“नको म्हटलं ना.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी वालाच्या शेंगा उचलून आत ठेवल्या. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मामा चहा पिऊन रिकाम्या रिक्षाने परत गेला. जाताना म्हणाला, “मी आपला येऊन गेलो हां.” त्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नाही. त्यांच्या गावात न्यायला आलेल्या माणसाला नको म्हटलं की तो पुन्हा विचारायला येत नाही. आला तर तो बळजबरी करतो असं होतं.

आईला एकटं सोडायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि त्याला कारण होतं. आई रडली नव्हती. वडिलांना नेलं त्या दिवशी भोवती बसलेल्या बायका तिला सांगत होत्या, “रडून घ्या, मोकळ्या व्हा.” आई उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली होती. दहाव्याला रडली नाही, तेराव्याला नाही. शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आईवर लक्ष ठेव गं. न रडलेलं माणूस कधी काय करेल सांगता येत नाही.” तेव्हापासून मी माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून काम करू लागले. टेबल अशा जागी सरकवलं की स्वयंपाकघर दिसावं. आई गच्चीवर गेली की थोड्या वेळाने मीही काहीतरी निमित्त काढून जायची.

आठवड्याभरात आईने वडिलांच्या खुर्चीवर बसायला सुरुवात केली. वाचायला नव्हे, बघायला. हेडफोन काढून मी आवाज मोठा करायची आणि माझं मराठी वाक्य त्यावर म्हणून दाखवायची.

“हे केंद्राचे म्हणजे दिल्लीचे काय?”

“त्यांची जी दिल्ली असेल तिथले.”

“नि हा म्हातारा त्यांना सगळं सांगतो?”

“सगळं नाही. थोडं सांगतो, थोडं ठेवतो.”

“हुशार हाय,” आई म्हणाली. “सगळं सांगितलं तर त्याला कोण विचारेल?”

मला वाटलं, तिचा वेळ जातोय, चांगलं आहे.

मग मामाचा पहिला फोन आला.

“बाय, ताय काल दुपारची जेवली नाय म्हणं?”

मी चमकले. आदल्या दिवशी मी दुपारभर एका लांबलचक चौकशीच्या प्रसंगात अडकले होते, आणि उठून बघते तर आईचं ताट तसंच झाकलेलं. भूक नव्हती, म्हणाली. पण हे घरात आम्हा दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कळलं असंच.”

“असंच कसं कळेल, मामा?”

“अगं, कळतं माणसाला.” आणि त्याने वालाचं पीक कसं आहे ते सांगायला सुरुवात केली.

पुढच्या वेळी त्याला गॅसचं कळलं होतं. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास सुटेपर्यंत आईच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर त्याला हेही कळलं की मी त्यावरून आईला बोलले. “ओरडू नको गं तिच्यावर,” मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण मला रात्रीचं जेवण गेलं नाही. माझ्याच घरातलं माझं बोलणं खालापूरच्या डोंगरात जाऊन परत माझ्या कानात येत होतं. मामाच्या मनात काय चाललंय तेही मला दिसत होतं. पोरीकडून आईचं होत नाही. अजून दोन-चार अशा गोष्टी त्याच्या कानावर गेल्या असत्या तर तो भावकीतल्या चार माणसांना घेऊन आला असता, आणि आईला कायमचं घेऊन गेला असता. मग मी त्या घरात एकटी.

संशय कोणावर घ्यायचा याचा मला फार विचार करावा लागला नाही. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीसमोर येते. त्या निवृत्त परिचारिका, एकट्याच राहतात, आणि रविवारी आमच्या घरावरून कोंडाण्याची लेणी बघायला जाणाऱ्या गाड्यांचे नंबरसुद्धा त्यांना आठवतात. वडील गेले त्या दिवशी कडू घास, म्हणजे आमचं पहिलं जेवण, त्यांनीच आणलं होतं. तेव्हा मामाने त्यांचा फोन नंबर घेतला होता, हे मी पाहिलं होतं. मला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. त्या भांडी घासताना आमच्याकडे बघायच्या. मी पडदा ओढला की थोड्या वेळाने मागच्या दाराला कढीपत्ता मागायला यायच्या. आईशी बोलताना त्यांचा आवाज हळू व्हायचा आणि मी आले की मोठा.

एकीकडे मी अधिकारी बाईची वाक्यं लिहीत होते. ‘कोणावरही विश्वास ठेवू नका.’ ‘तो असं का म्हणाला, ते मला हवंय.’ ती वाक्यं ओठांना बसेपर्यंत दहा-दहा वेळा म्हणावी लागतात. दिवसभर जे तोंडात घोळवलं ते संध्याकाळी मनातून कसं जाईल?

मालिकेच्या मध्यावर एक युक्ती येते. आतली बातमी बाहेर कोण नेतो हे शोधायला ती अधिकारी बाई वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं खोटं सांगते, आणि कोणतं खोटं बाहेर पोचतं ते बघत बसते. माझ्याकडे संशयित एकच होता, त्यामुळे मला एकच खोटं पुरणार होतं. कुंपणापाशी काकू भेटल्या तेव्हा मी म्हटलं, “आईचा पाय मुरगळलाय हो जिन्यात. कोणाला सांगू नका, उगाच काळजी करतात.”

काकूंनी डोळे मोठे केले. “अगंबाई! सूज आहे?”

“आहे थोडी.”

घरात येऊन मी फोन समोर ठेवून बसले. मामाचा फोन काही आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतःच आल्या, वाटीत उगाळलेली आंबेहळद घेऊन. आणि आई तेव्हा स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढत होती.

“अहो, हे काय!” काकू दारातच ओरडल्या. “मुरगळलेल्या पायाने स्टुलावर?”

आई बरणी हातात धरून वळली. “कोणाचा पाय?”

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. आईने काकूंकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढासाच वेळ गेला असेल.

“हां, पाय होय,” ती म्हणाली आणि स्टुलावरून जपून, एक पाय जरासा लटपटवत खाली उतरली. “काल लय दुखत होता. आज उतार हाय. पण द्या, द्या. तुमच्या हाताला गुण हाय.”

मग ती पाटावर बसली आणि काकूंनी तिच्या धडधाकट घोट्याला लेप लावला. “इथे दुखतं?” “हां, तिथंच.” “आणि इथे?” “इथं नाय एवढं.” काकू गेल्यावर आईने पिवळा पाय समोर पसरून मला विचारलं, “त्या टीव्हीतल्या साहेबीणबाईनं शिकवलं काय गं तुला हे?”

“काकू मामाला सगळं सांगतात असं मला वाटलं.”

“काकूला काय पडलंय!” ती म्हणाली. “आता दोन दिवस लंगडायला लागेल मला तुझ्यापायी.”

खरोखरच ती दोन दिवस लंगडली, काकूंच्या खिडकीसमोर तर जास्तच. मला हसू यायला हवं होतं. पण मला वेगळंच काहीतरी टोचत होतं. आई इतक्या सफाईने खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. कोणत्या घोट्याला कुठे दुखतं हे तिने क्षणभरही न अडखळता सांगितलं. मग मला आठवू लागलं की अलीकडे मी काही विचारलं की ती गॅसकडे तोंड करून उत्तर देते. जेवलीस? हो. झोप लागली? लागली. पाठ माझ्याकडे. माझ्या पात्रांसारखी.

तरीही मी तिचा संशय घेतला नाही. घ्यायचा म्हटलं तरी कशाचा? स्वतःचीच चहाडी कोण करतं?

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. मामा उतरला आणि चपला न काढताच घरात आला. घामाघूम झाला होता.

“ताय मोरीत पडली नि मला कळवायचं नाय?” तो माझ्यावर गरजला. “मी तिचा भाऊ हाय की कोण हाय?”

“मोरीत? मामा, कोणी पडलेलं नाही.”

“नाय कसं? डोक्याला खोक पडली म्हणं!”

“कोण म्हणं? तुम्हाला कोण सांगतं हे सगळं? काकू सांगतात का?”

“कोण काकू?” मामा गोंधळला. “ती नर्सबाय? तिनं मला कशाला फोन करावा?”

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खरं बोलत होता. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि त्याने एकदम मान खाली घातली. मी वळले. आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती. डोक्याला कुठेही खोक नव्हती. केस विंचरलेले होते. अंगावर मामाने आणलेली ती साडी होती, घडीच्या रेषा अजून उठून दिसणारी. पायाशी पिशवी.

मामाची रिक्षा येऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. एवढ्यात कोणी साडी नेसून, पिशवी भरून तयार होत नाही.

“तूच?” मी म्हटलं.

मामा म्हणाला, “मला तिनं शपथ घातली होती गं. सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणाली.”

“गप रं,” आई त्याला म्हणाली.

सकाळी माझ्या कानांवर हेडफोन असायचे. देव्हाऱ्याजवळ तिचा जुना फोन असायचा. मी स्वयंपाकघरावर डोळा ठेवून होते, कान मात्र बंदरातल्या म्हाताऱ्याला देऊन बसले होते. दुपारी ती न जेवता ताट झाकून ठेवायची आणि मग फोन करून सांगायची, जेवले नाय.

“जायचं होतं तर मला सांगायचं ना,” मी म्हटलं. “मी सोडून आले असते. आपण दोघी गेलो असतो.”

“आपणहून कसं जायचं? न्यायला यायला लागतं.”

“मामा आला होता की न्यायला!”

“तवा मी नको म्हटलं.” ती खाली बघत पिशवीची गाठ पुन्हा बांधू लागली. “तवा तुझं तोंड बघितलं होतं मी. कशी जाणार होते? मग नंतर त्याला बोलवावं तर काय म्हणून? काय तरी झाल्याबिगर तो परत येतोय होय?”

“पण मी तुला काय कमी केलं गं?”

“काय नाय केलंस.” मामा ओसरीवर गेला आणि चपला काढायच्या राहिल्या होत्या त्या काढू लागला. “तू बघत असतेस,” आई म्हणाली. “मी गच्चीवर गेले की तू येतेस. मी देवाजवळ बसले की तू दारातून डोकावतेस. तू बघितलंस की मला येत नाय. आलेलं परत जातं.”

काय येत नाही, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिला माझ्यासमोर रडायचं नव्हतं, कारण ती रडली असती तर मी कोसळले असते असं तिला वाटत होतं. आणि ती कधी रडते याच्यावर मी इतके दिवस पहारा देत होते.

ओसरीवरून मामा म्हणाला, “घरातल्या माणसानं ‘ने’ म्हणायला लागतं, बाय. नायतर मी हिला उचलून नेल्यासारखं व्हायचं.”

घरातलं माणूस आता मीच होते. एरवी हे वडिलांनी म्हटलं असतं, ते नसतील तर माझ्या भावाने. मला भाऊ नाही. मी म्हटलं, “न्या, मामा.”

“किती दिवस?”

“तिला वाटेल तितके.”

आई रिक्षात बसली. “आठ दिवसांनी येते,” म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही, आणि ते खरं निघालंही नाही. तांदळाच्या डब्यात किती उरलंय, काकूंची वाटी द्यायची राहिलीय, असं काहीतरी ती सांगत राहिली. रिक्षा वळली. काकू त्यांच्या खिडकीत होत्या. मी त्यांना हात केला, कारण एवढं तरी मी त्यांचं देणं लागत होते.

घरात येऊन मी टेबल पुन्हा भिंतीकडे सरकवलं. त्या दिवशी मला एकही वाक्य सुचलं नाही.

मी रोज संध्याकाळी आईला फोन करते. ती म्हणते, बरी हाय. जेवले. झोपले. तिथेही ती कशाकडे तोंड करून बोलते ते मला दिसत नाही, आणि आवाजावरून ओळखायची माझी हिंमत राहिलेली नाही. म्हणून काल मी मामाला वेगळा फोन केला. विचारलं, “मामा, खरं सांगा. आई कशी आहे?”

“हे बघ बाय,” मामा म्हणाला, “मी आता कोणाचं कोणाला कायबी सांगणार नाय. तुमच्या दोघींच्या मधी मी पार येडा झालो. तिलाच विचार.”

“बरं,” मी म्हटलं.

मला वाटलं, त्याने फोन ठेवला. मग चालल्याचा आवाज आला, एक दार लागलं, कोंबड्यांचा कलकलाट लांब गेला.

“ऐक,” तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. “काल वालाच्या शेतात बसली होती सकाळची. एकटीच. लय रडली गं. आम्ही कोण गेलो नाय तिकडं. मग घरी आली नि दोन भाकऱ्या खाल्ल्या.” मग आणखी हळू म्हणाला, “मी सांगितलं म्हणून तिला सांगू नको हां.”

नाही सांगणार, मी म्हटलं.